दाराची कडी कुणाच्या हातात?

काही गावांच्या नावांवर आपल्या बोलण्यानं उगीचच अन्याय केलाय. पुण्यातला माणूस 'येरवडा' म्हणाला की एक तर तुरुंग, नाही तर वेड्यांचं इस्पितळ. मुंबईचे लोक ठाण्याचं नाव घेऊन हसतात, कोकणातले रत्नागिरीचं. आम्हा बेळगावकडच्यांना धारवाड. खरं तर धारवाड म्हणजे पेढा, धारवाड म्हणजे बेंद्र्यांची कविता, धारवाड म्हणजे गाणं. पण घरात कुणी दोन दिवस गप्प बसलं, कुणी रात्रीबेरात्री उठून अंगण झाडायला लागलं, कुणी सासूला उलटून बोललं, की सोप्यावर बसलेल्यांपैकी एकाच्या तोंडून हमखास निघतं, 'हिला आता धारवाडला न्यायला पायजे.' निम्मी थट्टा, निम्मी धमकी. आणि हे वाक्य मी आजवर पुरुषांपेक्षा बायकांच्या बाबतीतच जास्त ऐकलं आहे. पुरुषाला 'तापट' म्हणतात, फार तर 'डोक्यानं जरा गरम' म्हणतात. बाई लगेच वेडी होते. कन्नडमध्ये हुच्ची.

मनाच्या आजाराविषयी आता आपल्या समाजात बोललं जातं, हे चांगलंच आहे. मंडळांत डॉक्टरांची भाषणं होतात, आपण वही घेऊन जातो, मन शांत कसं ठेवावं ते लिहून घेतो. पण एक प्रश्न मात्र त्या भाषणांत येत नाही. एखाद्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध दवाखान्यात ठेवणं, त्याला नको असलेलं औषध देणं, त्याच्या खोलीला बाहेरून कडी घालणं, हे कधी योग्य? ते कुणी ठरवायचं? आणि एकदा घातलेली कडी पुन्हा काढायची केव्हा, हे कुणी ठरवायचं? हा डॉक्टरी प्रश्न नाही. हा कायद्याचा आहे आणि त्याच्याही आधी आपल्या विवेकाचा आहे.

आपल्या देशातला कायदा या बाबतीत फार हळू हलला. १८५८ साली इंग्रजांनी यासाठी कायदे केले, मग १९१२ सालचा लुनसी ॲक्ट आला, आणि तो स्वातंत्र्यानंतरही चाळीसहून जास्त वर्षं चालला. त्या कायद्याची सारी काळजी एकच : 'शहाण्या' लोकांना उपद्रव होऊ नये. घरच्यांनी अर्ज करायचा, डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मॅजिस्ट्रेटनं हुकूम काढायचा आणि दार बंद. आत किती दिवस, याला मुदत नव्हती. १९८७ मध्ये नवा कायदा झाला, तो लागू व्हायला १९९३ उजाडलं. त्यातून 'वेडा' हा शब्द गेला, 'मनोरुग्ण' आला. शब्द बदलला हे कमी नाही. पण त्या कायद्यातही एक वाट होती : नातेवाइकानं अर्ज केला, दोन डॉक्टरांचे दाखले जोडले, की मॅजिस्ट्रेटचं तोंडही न बघता माणसाला नव्वद दिवसांपर्यंत आत ठेवता येत होतं. ज्या घरात सून नकोशी झाली आहे, त्या घराला हे कलम कसं दिसलं असेल याचा विचार प्रत्येकीनं स्वतःशी करावा.

आत गेलेला माणूस विसरला जातो, याचं उदाहरण म्हणून आसामच्या मचल लालुंग यांची हकीकत सांगितली पाहिजे. १९५१ साली एका गुन्ह्याच्या आरोपावरून त्यांना पकडलं आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी लिहून दिलं की हा माणूस ठीक आहे. तेव्हा त्यांना घरी सोडायचं, की नाही? त्यांना तिथून गुवाहाटीच्या तुरुंगात हलवलं. खटला चाललाच नाही. २००५ साली ते सुटले तेव्हा वय सत्याहत्तर. चौपन्न वर्षं. यात कुणी राक्षस नव्हता. फक्त ज्याच्या त्याच्या टेबलावर कागद पडून राहिला. १९९३ मध्ये शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं की, कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे. हे न्यायालयानं सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

आता आपल्या घरातलीच एक गोष्ट घेते, कारण मला या प्रश्नाचा धागा सापडला तो तिथे. श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत घोकलेले असतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. गुरुजी शिकवायचे तेव्हा उदाहरणं गाईबैलांची असत. बैलाला आखूड दाव्यानं बांधू नये, नाक टोचू नये, गाडीत पोती जास्त भरू नयेत. आम्ही मुली मान डोलवायचो, कारण आमच्याकडं बैल होते आणि आबा खरंच त्यांना जपायचे. पण हे पाचही अतिचार एकाच ठिकाणी, माणसांच्या बाबतीत, बघायचे असतील तर जुन्या वेड्यांच्या इस्पितळांचा इतिहास वाचावा. साखळदंड, मार, बायकांवर त्यांना न विचारता केलेल्या शस्त्रक्रिया, फुकट राबवून घेणं, दंगा केला म्हणून जेवण बंद. पाचही. क्रमसुद्धा तोच.

श्रावकाचाराच्या जुन्या टीकांमध्ये या 'बंधा'चा विचार फार बारकाईनं केलेला आहे, आणि तो बैलांपुरताच नाही. टीकाकार व्यवहारी होते. बांधायचंच नाही, असं ते म्हणत नाहीत. कधी जनावर उधळतं, कधी माणूसही स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठतो, तेव्हा बांधावं लागतं हे ते मान्य करतात. पण बांधण्याचे दोन प्रकार ते सांगतात. एक निर्दयपणे, मागचापुढचा विचार न करता आवळून टाकणं. दुसरा, ज्याला बांधलं त्याची फिकीर ठेवून बांधणं : गाठ सैल असावी, आणि आग वगैरे लागली तर ती चटकन सोडता यावी, नाही तर कापता यावी.

आग लागली तर. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं, कारण मला एरवाडी आठवलं. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीला एक दर्गा आहे. मनाचा आजार बरा होईल या आशेनं लोक आपली माणसं तिथे आणतात. आजूबाजूला खाजगी 'आश्रम' निघाले होते, पैसे घेऊन रुग्ण ठेवून घेणारे. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे त्यातल्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. पळता आलं नाही, कारण गाठ सैल नव्हती आणि किल्ली दुसऱ्याकडे होती. (कुणी म्हणेल, ती माणसं वेगळ्या धर्माच्या ठिकाणी होती, आपला काय संबंध. बाई, आपल्याकडची माणसं कुठं कुठं नेली जातात हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. देव बदलतो, साखळी तीच असते.)

म्हणून मी कायद्याकडे या नजरेनं बघते. गाठ किती सैल आहे, आणि आग लागली तर ती कोण सोडणार?

२०१७ साली संसदेनं मानसिक आरोग्य सेवा कायदा केला, तो २०१८ मध्ये लागू झाला. त्याआधी २००७ मध्ये आपल्या देशानं अपंगांच्या हक्कांच्या जागतिक करारावर मोहोर उठवली होती, त्या कराराला धरून कायदा बदलणं भाग होतं. हा कायदा मी मुद्दाम सगळा वाचला. कायद्याची भाषा दगडासारखी असते, पण मधूनमधून असं काही लागतं की वाटतं, हे लिहिताना कुणाच्या तरी डोळ्यांसमोर एक बाई उभी होती. मनाविरुद्ध दाखल करायचं तर दोघांनी वेगवेगळं तपासायला हवं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. नुसतं 'ही आजारी आहे' पुरत नाही. तिच्यामुळे तिच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, किंवा ती स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही इतकी हालत आहे, हे दिसायला हवं. मुदत तीस दिवस. पुढं वाढवायची तर मंडळाची मंजुरी. हे पुनरावलोकन मंडळ, त्यात जिल्हा न्यायाधीश, डॉक्टर, आणि स्वतः हा आजार भोगलेला किंवा अशा माणसाला सांभाळलेला कुणीतरी. आणि दाखल केल्याचं त्या मंडळाला कळवायचं : पुरुष असेल तर सात दिवसांत, स्त्री किंवा अज्ञान मूल असेल तर तीन दिवसांत. सात आणि तीन. कायद्याला माहीत आहे की बाईला आत टाकायची घाई कुणाला असू शकते.

आणखी आहे. साखळी पूर्ण बंद, कोणत्याही कारणासाठी. भूल न देता शॉक देणं बंद. आजारावरचा इलाज म्हणून नसबंदी बंद. तीन वर्षांखालचं मूल असेल तर सहसा आईपासून तोडायचं नाही. स्वतःचे कपडे घालू द्यायचे. पाळीच्या दिवसांची सोय करायची. आणि सक्तीनं डोकं भादरायचं नाही.

या शेवटच्या कलमाशी मी अडखळले. आपल्या आर्यिका माताजी केशलोच करतात. स्वतःच्या हातानं, एकेक केस उपटून. आपण समोर बसून बघतो, डोळ्यांत पाणी येतं, मान आपोआप खाली जाते. आणि इस्पितळात उवा होतात म्हणून, सोय म्हणून, ओळीनं बसवून बायकांची डोकी भादरली जात, तेव्हा त्या बाईची मान खाली जायची ती लाजेनं. दोन्हीकडे डोकं तेच, केस तेच. किंबहुना वेदना माताजींना जास्त. मग एकीकडे त्याला तप का म्हणायचं आणि दुसरीकडे जुलूम का? फक्त एवढ्यासाठी, की पहिल्या ठिकाणी 'मला हे करायचं आहे' असं ज्याचं डोकं, त्यानं म्हटलं होतं. संमती म्हणजे काय हे समजून घ्यायला मला वकिलाकडे जावं लागलं नाही.

कायद्यात या संमतीलाच मान दिला आहे. माणूस निर्णय घेऊ शकतो की नाही हे आजाराच्या नावावरून ठरवायचं नाही, त्याला समोरची गोष्ट कळते का, परिणाम उमगतो का, आपलं म्हणणं कसंही करून सांगता येतं का, यावरून ठरवायचं. आणि एक ओळ अशी आहे की ती छापून प्रत्येक सासर-माहेरच्या भिंतीवर लावावी असं मला वाटतं : निर्णय दुसऱ्यांना चुकीचा वाटतो, एवढ्यानं तो घेणाऱ्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. तसंच, समाजाच्या रूढींशी, नीतीच्या कल्पनांशी, धर्मश्रद्धांशी जुळत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. म्हणजे लग्न नको म्हणणारी, नवऱ्याकडे परत जाणार नाही म्हणणारी, जातीबाहेर मन गुंतलेली, कुणीही. असल्या मुलींना 'डोकं ठिकाणावर आणायला' कुठंकुठं नेलं जातं हे तुम्हीही बघितलं असेल.

इथवर लिहून मी हात झटकले असते तर लेख सोपा झाला असता. पण आमच्या गल्लीत एक काकू राहतात. त्यांचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. त्यांचा मुलगा शिकलेला, आता पस्तिशीचा. त्याला आवाज ऐकू येतात. औषध चालू असलं की दुकानात बसतो, हिशेब लिहितो, गोड बोलतो. बरं वाटलं की औषध सोडतो, कारण आजारीच नाही तर औषध कशाला? मग महिन्याभरात रात्रीची झोप जाते, काकूंवर संशय येतो, आई जेवणात काहीतरी घालते म्हणून ताट भिरकावतो. दोनदा विहिरीपाशी सापडला. काकू विधवा, वय सत्तरीच्या पुढं. एकदा अशाच दिवसांत त्यांनी त्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि उंबऱ्यावर रात्रभर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, 'काय करू सांग की बाई. सोडलं तर जीव देतोय, कोंडलं तर पाप लागतंय. तुझा कायदा काय म्हणतोय?'

माझा कायदा म्हणतो की पोलिसांनी अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत दवाखान्यात न्यावं. काकूंनी फोन केला होता. 'घरगुती भांडण आहे, सकाळी या' असं उत्तर मिळालं. माझा कायदा म्हणतो की डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत तातडीचा उपचार सुरू करू शकतो. तालुक्याच्या ठिकाणी त्या दिवशी मानसोपचाराचा डॉक्टर नव्हता. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं तर म्हणाले, धारवाडला न्या. सत्तरीतल्या बाईनं, दुसऱ्याची गाडी मागून, रस्त्यात उडी मारेल अशा मुलाला, दोन तासांवर. मुदती, मंडळं, दाखले हे सगळं दवाखान्याच्या दारापासून पुढं सुरू होतं. तिथवर पोचायची वाट कायद्यात लिहिली आहे, पण रस्त्यावर ती सापडत नाही.

म्हणून 'सक्ती म्हणजे हिंसा, ती साफ बंद करा' असं जे म्हणतात, त्यांच्याशी माझं पूर्ण जमत नाही. त्यांची बाजू हलकी नाही. त्या जागतिक कराराची जी समिती आहे तिनं २०१४ मध्ये स्पष्ट मत दिलं, की माणसाच्या ऐवजी दुसऱ्यानं निर्णय घेण्याची पद्धतच संपवा, त्याला निर्णय घ्यायला मदत करा, पण त्याचा निर्णय काढून घेऊ नका. इटलीनं १९७८ मध्ये बासाग्लिया नावाच्या डॉक्टरांच्या चळवळीतून कायदा केला आणि मोठमोठी वेड्यांची इस्पितळं हळूहळू बंद केली. गावोगाव मानसिक आरोग्याची केंद्रं काढली. पण तिथेसुद्धा सक्तीचा उपचार शून्य झाला नाही. तो सात दिवसांच्या मुदतीत बांधला, डॉक्टरांच्या सांगण्यावरून महापौरानं हुकूम काढायचा आणि न्यायाधीशानं त्यावर नजर ठेवायची अशी व्यवस्था केली. म्हणजे गाठ राहिली, सैल झाली. आणि जिथं गावात केंद्र आहे, परिचारिका घरी येऊन बसते, तिथं गाठ मारायची पाळीच कमी वेळा येते. आपल्याजवळही हे झालं आहे, लांब जायला नको. बळ्ळारी जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात बेंगळूरूच्या निमहान्सनं प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवून, गावातच औषध देऊन बघितलं. देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यावरूनच उभा राहिला. आपल्या शेजारचा प्रयोग देशाला पटला, आपल्या तालुक्याला अजून पोचायचा आहे.

काकूंच्या मुलाला त्या वेळी आत ठेवणं बरोबर होतं असंच मला वाटतं. विहिरीच्या काठावरच्या माणसाला त्याचं मत विचारत उभं राहणं ही अहिंसा नव्हे. आज त्याचं मत आजार सांगतो आहे, महिन्याभरानं तो स्वतः सांगेल, आणि त्या महिन्याभरानंतरच्या माणसाला जिवंत पोचवणं आपलं काम आहे. पण हे बोलताना मी ठेच लागल्यासारखी थांबते. कारण हेच वाक्य, अगदी हेच, प्रत्येक कोंडणाऱ्यानं म्हटलेलं आहे. 'तिच्याच भल्यासाठी.' काकू म्हणतात तेव्हा ते खरं असतं. दुसऱ्या एखाद्या घरातला नवरा म्हणतो तेव्हाही ते तितक्याच प्रेमानं म्हटलेलं ऐकू येतं. बाहेरून दोन्ही आवाज सारखेच. म्हणून बांधणाऱ्याच्या मनावर भरवसा ठेवून चालत नाही, गाठच तपासावी लागते. किती दिवस, कुणी बघितलं, तिला तक्रार कुठं करता येते, ती केल्यावर किती दिवसांत ऐकलं जातं. कायद्यानं या शेवटच्या प्रश्नाला सात दिवस असं उत्तर दिलं आहे. पण सात दिवसांत ऐकणारं मंडळ जिल्ह्यात बसलेलं तर हवं. कायदा लागू झाल्यावर कित्येक राज्यांनी ही मंडळं नेमायलाच वर्षानुवर्षं लावली. मंडळ नाही, तर तीन दिवसांत कळवायचं कुणाला? कायद्यात सुधारणा करा म्हणून सभा भरवण्याच्या आधी हे विचारायला पाहिजे.

बायकांच्या बाबतीत गाठीचा दुसरा पीळ लग्नाचा आहे. हिंदू विवाह कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, आणि १९५५ पासून त्यात मनाचा आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता खटल्यात म्हटलं, की आजाराचं नुसतं नाव चिकटवून भागणार नाही. त्याची तीव्रता इतकी हवी की एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. २०१७ चा कायदाही सांगतो की आजार आहे म्हणून न्यायालयानं ठरवल्याशिवाय कुणी 'अस्थिर बुद्धीचा' होत नाही. तरी फाईल बनते. दवाखान्याची चिठ्ठी, गोळ्यांच्या पट्टीचा फोटो. म्हणून बायका गोळ्या घ्यायला भितात. बाळंतपणानंतर सहा महिने रडणारी एक मुलगी मला म्हणाली, 'चिठ्ठीवर नाव नको, डॉक्टरांना सांगा ना.' याची सुरुवात आपणच करतो. मुलीला काही त्रास आहे, हे स्थळ बघताना लपवायचं, 'लग्न झालं की बरी होईल' म्हणायचं, सासरी गोळ्या बंद करायच्या, आणि मग ती कोसळली की तिकडचे म्हणतात, फसवलं. दोन्हीकडच्यांच्या मधे सापडते ती आजारी पोरगी.

आणि बरी झाली तर? हा खरा कठीण भाग. कायदा म्हणतो, घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणानं कुणाला इस्पितळात अडकवून ठेवता येणार नाही, सरकारनं समाजात राहण्याची सोय केली पाहिजे. प्रत्यक्षात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं, की बऱ्या झालेल्या लोकांना भिक्षेकरी गृहात, वृद्धाश्रमात हलवणं थांबवा. बरं झाल्याचं बक्षीस भिक्षेकरी गृह! आत राहिलेल्यांमध्ये बायका जास्त टिकून राहतात असं या कामातले लोक सांगतात, आणि त्याचं कारण त्यांनी सांगायची गरज नाही. मुलगा परत आला तर दुकान आहे, शेत आहे, आई आहे. बाई परत आली तर तिची खोली धाकट्या जावेला गेलेली असते. आपल्या समाजाला वसतिगृहांची परंपरा आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी मुलामुलींच्या शिक्षणासाठी बोर्डिंगं काढली, विधवांसाठी श्राविकाश्रम काढले, आणि तेव्हाही लोक म्हणालेच होते की हे कशाला. इस्पितळातून सुटलेल्या, पण घर नसलेल्या आठ-दहा बायकांचं एक घर एखाद्या ट्रस्टनं चालवायला काय हरकत आहे? औषधदान आपण करतो, पावत्या फाडून करतो. चार दानांत अभयदानही आहे, त्याची पावती अजून कुणी छापलेली मला दिसली नाही.

आता एक कामाची गोष्ट. हा कायदा प्रत्येक सज्ञान माणसाला एक प्रतिनिधी नेमू देतो. उद्या मी स्वतःचं बघू शकले नाही तर डॉक्टरांनी कुणाशी बोलायचं, दाखल करायचा अर्ज कुणी करायचा, घरी कुणाबरोबर पाठवायचं, तो हा माणूस. तुम्ही कुणाला नेमलं नसेल तर तो मान नातेवाइकाकडे जातो, आणि लग्न झालेल्या बाईचा नातेवाईक कोण ते सांगायला नको. पण नेमणूक करायला ना स्टॅम्प लागतो ना वकील. कोऱ्या कागदावर लिहायचं, सही करायची, सही येत नसेल तर अंगठा. कधीही बदलता येते. उपचार कोणते चालतील, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचीही सोय आहे, त्याला मात्र साक्षीदार आणि मंडळाकडे नोंद लागते. चोवीस तास चालणारा सरकारी फोन आहे, १४४१६, तिथं मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

मागच्या चातुर्मासात आमच्या मंडळात मी हे सांगितलं. दुपारची वेळ, वीस-बावीस जणी. मी कोरे कागद घेऊन गेले होते. सांगून झाल्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एक वहिनी म्हणाल्या, 'आमच्या ह्यांचंच नाव लिहायचं की. दुसरं कुणाचं लिहिलं तर त्यांना काय वाटंल?' दोघीचौघी हसल्या. एकीनं विचारलं, मुलाचं लिहिलं तर चालतं का. चालतं. सुनेचं? चालतं, सज्ञान मात्र हवी. सुनेचं म्हटल्यावर परत हसू. मागं भिंतीला टेकून बसलेल्या एक आत्या, ज्या कधी बोलत नाहीत, उठून पुढं आल्या आणि एक कागद मागून घेतला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून मला लिहायला सांगितलं. मी विचारलं, कुणाचं नाव घालू. त्यांनी नाव सांगितलं ते माझ्या ओळखीचं नव्हतं. 'गोव्याला असते,' त्या म्हणाल्या, 'शाळेत एका बाकावर होतो आम्ही. तिला माहिताय माझं सगळं.' सही केली, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. बाकीचे एकवीस कागद मी परत आणले. त्यातले सहा पुढच्या आठवड्यात एकेकटीनं घरी येऊन नेले.